एअरफ्लोमध्ये जँगोची मॉडेल्स वापरायची तर

एअरफ्लो म्हणजे ठरलेल्या वेळी कामांची साखळी चालवणारं साधन, आणि अशी साखळी म्हणजे डॅग. जँगो या पायथॉन वेब-फ्रेमवर्कचं मॉडेल (टेबलाची कोडमधली व्याख्या) डॅगमध्ये इम्पोर्ट केलं की ‘अ‍ॅप्स आरन्ट लोडेड येट’ हा एरर येतो, तर तीच टेबलं एसक्यूएल-अल्केमी या दुसऱ्या डेटाबेस लायब्ररीत नव्याने लिहू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून लिहू नका. एका टेबलाच्या दोन व्याख्या झाल्या की पुढच्या मायग्रेशनला (टेबलाची रचना बदलताना) एक बदलते, दुसरी तशीच राहते, आणि ते कळतं डेटा बिघडल्यावर.

प्रोजेक्टची मॅनेज डॉट पाय ही फाइल चालवताना जँगो सगळी अ‍ॅप्स आधी लोड करतं. एअरफ्लोच्या वर्करला (डॅगमधली कामं, म्हणजे टास्क, चालवणाऱ्या प्रोसेसला) जँगोचा पत्ताच नसतो. म्हणून आधी एन्व्हायर्नमेंटमध्ये सेटिंग्ज मॉड्यूलचं नाव, मग जँगो डॉट सेटअप, आणि त्यानंतरच मॉडेलचा इम्पोर्ट. हे तिन्ही टास्कच्या फंक्शनच्या आत हवं. डॅग फाइलच्या वरच्या ओळींत ठेवलंत तर पंचाईत होते: एअरफ्लो ती फाइल सारखी वाचत असतो, मूळ सेटिंग 30 सेकंदांचं आहे, आणि दर वेळी तुमचं अख्खं प्रोजेक्ट लोड होतं.

मी मात्र आता वेगळं करतो. काम मॅनेजमेंट कमांडमध्ये (मॅनेज डॉट पायने चालणाऱ्या कमांडमध्ये) लिहितो आणि बॅश ऑपरेटरने, म्हणजे शेलची कमांड चालवणाऱ्या टास्कने, प्रोजेक्टच्याच व्हर्च्युअल एन्व्हमधून (पॅकेजेसच्या वेगळ्या संचातून) चालवतो. एअरफ्लो आणि जँगोच्या पॅकेजेसची भांडणं त्यात मिटतात, आणि तीच कमांड लॅपटॉपवर हाताने चालवून बघता येते.

कनेक्शनकडे नीट लक्ष द्या, मला इथेच सगळ्यात जास्त त्रास झालाय. आमचा एक टास्क रेकॉर्ड वाचायचा, बाहेरच्या एपीआयच्या उत्तराची बराच वेळ वाट बघायचा आणि मग सेव्ह करायचा. रोज पहाटे तो सेव्हवरच पडायचा, कारण तोवर मायएसक्यूएलने रिकामं बसलेलं कनेक्शन तोडलेलं असायचं. वेबमध्ये दर रिक्वेस्टच्या सुरुवातीला आणि शेवटी जँगो जुनी कनेक्शन्स तपासून बंद करतं. टास्कमध्ये रिक्वेस्टच नाही, मग तपासणार कोण? लांबलचक थांब्यानंतर, सेव्हच्या आधी, ‘क्लोज ओल्ड कनेक्शन्स’ स्वतः कॉल केल्यावर तो टास्क सुरळीत चालू लागला. फक्त ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून वाट बघू नका, अ‍ॅटॉमिक ब्लॉकच्या (जँगोत ट्रान्झॅक्शन उघडणाऱ्या कोडच्या) आत हा कॉल काहीच करत नाही.

लाखभर ओळी भरायच्या असतील तर बल्क क्रिएट (अनेक ओळी एकदम घालणारं जँगोचं फंक्शन) वापरा, बॅच साइज देऊन. पण त्यात मॉडेलचं सेव्ह चालत नाही आणि सेव्हचे सिग्नलही (सेव्ह होताना इतर कोडला मिळणाऱ्या सूचना) जात नाहीत. सेव्हमध्ये काही हिशोब लिहिला असेल तर तो आधी बाहेर काढा.