शब्दशंका : बिजागरी, नदी आणि वेडे मायोनीज

प्रश्न : मी घरी बसून स्पॅनिशचं इंग्रजी भाषांतर करते. 'देसकिसियादो', 'त्रास्तोर्नादो', 'एनाहेनादो' या तिन्हींपुढे माझ्या कोशात 'डिरेंज्ड' दिलंय. सगळीकडे तेच चालेल का?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : नाही चालणार. तिन्हींच्या पोटातलं चित्र निराळं आहे.

'किसिओ' म्हणजे चौकटीची बिजागरीकडची बाजू. तिथून दार निखळलं की ते 'देसकिसियादो'. माणसाबद्दल असेल तर 'अनहिंज्ड' लिहा. 'हिंज' म्हणजे बिजागरीच, त्यामुळे चित्र शाबूत राहतं. मात्र 'मे साका दे किसिओ' दिसलं की थांबा. पोराला वैतागलेली आई हे म्हणते तेव्हा कुणालाच वेड लागलेलं नसतं, 'डोकं फिरवलंय नुसतं' एवढंच तिला म्हणायचं असतं. तिथे 'ही ड्राइव्ह्ज मी अप द वॉल' बसतं. 'अनहिंज्ड' घातलंत तर बिचारी थेट इस्पितळात जाईल.

'त्रास्तोर्नार' म्हणजे उलथवणं. वैद्यकीय कागदात 'त्रास्तोर्नो' म्हणजे 'डिसऑर्डर', दुसरं काही नाही : 'त्रास्तोर्नो बिपोलार' हे 'बायपोलर डिसऑर्डर'. रुग्णाच्या अहवालात 'डिरेंज्ड' लिहिणं चूक तर आहेच, अपमानही आहे. कादंबरीतल्या भांडणात 'त्रास्तोर्नादो'ला तो खुशाल वापरा.

'एनाहेनादो'त 'आहेनो', म्हणजे परका, दडलाय. स्पेनच्या जुन्या दंडसंहितेत वेडसर आरोपीसाठी हाच शब्द होता. 1995 च्या संहितेत तो गेला. जुन्या निकालात 'इन्सेन' लिहा. खरी मेख पुढेच आहे. 'एनाहेनासिओन'नंतर 'मेंताल' असेल तर वेड, 'दे बिएनेस' असेल तर मालमत्तेचं हस्तांतरण. खरेदीखतात वेड घुसवलंत, तर पक्षकार तुम्हालाच वेड्यात काढेल.

प्रश्न : 'देसमाद्रे' म्हणजे गोंधळ, मग त्यात आई कुठून आली?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : 'माद्रे' म्हणजे आई, तसंच नदीचं पात्रही. 'सालिर्से दे माद्रे' म्हणजे पात्र सोडून वाहणं. पावसाळ्यात वेदगंगा शिवारात शिरलेली ज्यांनी पाहिलीय, त्यांना अधिक सांगायला नको. मेक्सिकोत हा शब्द रोजच्या बोलण्यातला, जरा शिवराळ. त्यामुळे 'केऑस' फार इस्त्रीचं वाटतं. वैतागून म्हटलं असेल तर 'टोटल मेस', पार्टीचं कौतुक असेल तर 'वाइल्ड'. आपल्या 'गोंधळा'चंही तसंच : देवीपुढे घातला तर पुण्य, कचेरीत घातला तर मेमो.

प्रश्न : चिलीतल्या हॉटेलच्या मेनूत 'लोकोस कोन मायोनेसा' आहे. 'लोको' म्हणजे वेडा ना?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : एरवी हो. अर्जेंटिनात तर मित्रालाही 'लोको' म्हणून हाक मारतात, आपल्याकडे 'ए हुच्चा' म्हणावं तशी. तिथे 'ड्यूड' लिहा. तुमच्या मेनूतला 'लोको' मात्र चिलीच्या किनाऱ्यावरची खाण्याची समुद्री गोगलगाय. इंग्रजीत 'चिलियन अबलोनी विथ मेयोनेज'.