खडक, पाया आणि कोनशिला

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही सोलापूरचे, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीचे सभासद. माझ्या मुलीचे लग्न इथल्याच एका कॅथलिक घरात ठरले आहे. बोलणीच्या दिवशी चहा घेता घेता मुलाचे काका म्हणाले, "आमची ख्रिस्तसभा खुद्द येशूने पेत्र या आपल्या शिष्यावर उभारली, तुमची मंडळी १९७० साली नागपुरात स्थापन झाली." त्यावर माझा पुतण्या उसळून म्हणाला की मत्तयाच्या शुभवर्तमानातला 'खडक' म्हणजे पेत्र नव्हेच, मूळ ग्रीकमध्ये ते दोन निराळे शब्द आहेत. बैठक अवघडून गेली. यात बरोबर कोण? — एक वधूपिता, सोलापूर

उत्तर : सप्रेम सलाम. आधी आपल्या पुतण्याविषयी लिहितो, कारण त्याचा मुद्दा आपल्या मंडळ्यांमध्ये फार ऐकू येतो आणि तो दिसतो तितका भक्कम नाही. मत्तय १६:१८ मध्ये ("तू पेत्र आहेस आणि या खडकावर मी आपली मंडळी रचीन") ग्रीकात 'पेत्रोस' आणि 'पेत्रा' असे दोन शब्द आहेत हे खरे. परंतु 'पेत्रा' हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे पुरुषाचे नाव म्हणून तो तसाच ठेवता येत नव्हता, म्हणून त्याला पुल्लिंगी रूप द्यावे लागले. पेत्रोस म्हणजे लहान दगड आणि पेत्रा म्हणजे अखंड खडक, हा भेद जुन्या ग्रीक काव्यात आढळतो, पण पहिल्या शतकातील बोलीत तो जवळजवळ पुसला गेला होता. शिवाय येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे तिच्यात दोन्ही ठिकाणी 'केफा' हा एकच शब्द आला असावा. योहान १:४२ मध्ये हे नाव अरामी रूपातच आले आहे, पौलही बहुतेक ठिकाणी पेत्राला 'केफा' म्हणतो, आणि प्राचीन सिरियाक (म्हणजे अरामीच्याच एका बोलीतील) भाषांतरातही या वचनात दोन्हीकडे हाच शब्द आहे. आपल्या मराठी शास्त्रात 'पेत्र' आणि 'खडक' हे शब्द कानाला अगदी वेगळे लागतात, त्यामुळे मूळची कोटी आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. "तू कातळ आहेस आणि या कातळावर मी आपली मंडळी रचीन," असे म्हणून पाहा, म्हणजे तो आवाज ऐकू येईल. साधा, सरळ अर्थ घेतला तर त्या वाक्यातला खडक पेत्रच आहे असे माझे मत आहे, आणि हे मत बाळगल्याने कोणी कॅथलिक ठरत नाही. विसाव्या शतकात ऑस्कर कुलमान या लुथेरन अभ्यासकानेही हेच सांगितले.

मात्र काकांनी यावरून विजयाचा पेढा वाटू नये. प्राचीन धर्मगुरूंचे या वचनाच्या अर्थावर कधीच एकमत नव्हते. योहान ख्रिसोस्तोमने मत्तयावरील प्रवचनात खडकाचा अर्थ पेत्राने कबूल केलेला विश्वास असा लावला. संत ऑगस्टीनने आधी पेत्र हाच खडक असे लिहिले, पुढे अनेकदा ख्रिस्त हाच खडक असे सांगितले, आणि आयुष्याच्या अखेरीस आपल्याच लेखनाचा आढावा घेताना दोन्ही अर्थ समोर ठेवून अधिक संभवनीय कोणता ते वाचकाने ठरवावे असे नमूद केले. एवढा मोठा माणूस हे वाचकावर सोपवून मोकळा होतो, आणि आपण मात्र ते चहाच्या दोन घोटांत निकालात काढू पाहतो! शिवाय त्याच अध्यायात, अवघ्या पाच ओव्यांनंतर, त्याच पेत्राला येशू 'सैताना' म्हणून झिडकारतो आणि त्याला 'अडखळण' म्हणतो, म्हणजे खडक आता वाटेत ठेच लावणारा धोंडा झाला. मत्तयाने हे दोन प्रसंग शेजारी ठेवले ते उगाच नव्हे.

वादाचे खरे मूळ मला मात्र वेगळे वाटते. आपण पाया, खडक आणि कोनशिला हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. सोलापुरात घर बांधलेल्या कोणालाही त्यांतला फरक समजावून सांगावा लागणार नाही. काही वर्षांपूर्वी मी मागच्या अंगाला एक खोली वाढवली. गवंड्याने तीन फूट खणून काम उरकले. खाली काळी माती होती. पहिल्याच पावसाळ्यात ती फुगली, उन्हाळ्यात आकसली, आणि दाराच्या चौकटीपासून छतापर्यंत तिरपी भेग पडली. दुसऱ्या गवंड्याने कोपऱ्यात खड्डा घेऊन दाखवले, काळ्या मातीच्या खाली पिवळट मुरूम होता आणि त्याखाली पहारीचा आवाज बदलला. "पाया वाईट नाही," तो म्हणाला, "पाया बसलाय तीच जागा वाईट आहे." पाया आपण घालतो, खडक आधीपासून तिथे असतो.

पवित्र शास्त्रातही प्रत्येक लेखक आपापले चित्र रंगवतो. मत्तयात येशू बांधणारा आहे आणि पेत्र खडक. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल स्वतःला पाया घालणारा कारागीर म्हणतो आणि पाया एकच, येशू ख्रिस्त, असे बजावतो. इफिसकरांस २:२० मध्ये प्रेषित व संदेष्टे हा पाया आणि ख्रिस्त कोनशिला. प्रकटीकरणात नव्या यरुशलेमेच्या तटाचे बारा पाये असून त्यांवर बारा प्रेषितांची नावे आहेत. आणि खुद्द पेत्राच्या नावाच्या पहिल्या पत्रात तो स्वतःसाठी काहीच राखून ठेवत नाही. ख्रिस्त जिवंत धोंडा, आणि विश्वास ठेवणारे सगळेच जिवंत धोंडे. ही चित्रे एकावर एक चढवून एकच नकाशा काढू गेल्यास ख्रिस्त एकाच वेळी बांधणारा, पाया आणि कोपऱ्याचा दगड ठरतो. मग ज्याला जे वचन सोयीचे ते तो दुसऱ्याच्या वचनावर आपटतो. कोनशिला या शब्दाने तर आपली आणखी फसगत केली आहे. आपल्याकडे कोनशिला म्हणजे पाहुण्यांच्या हस्ते बसवलेली, नाव आणि तारीख कोरलेली संगमरवरी पाटी. ती काढली तरी भिंत ढळत नाही. शास्त्रातला कोनाचा दगड मात्र दोन भिंतींना जोडतो आणि त्यांचा काटकोन ठरवतो.

आता मतभेदाचा खरा मुद्दा. पेत्र खडक आहे असे मान्य केले, तरी त्या वचनात रोम नाही, पेत्राचा उत्तराधिकारी (म्हणजे पोप) नाही. कॅथलिक विद्वानांना हे ठाऊक आहे. पुढच्या ओवीत येशू पेत्राला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या देऊ करतो, त्यावर त्यांचा युक्तिवाद उभा आहे. यशया २२ मध्ये दावीदाच्या घराण्याची किल्ली एल्याकीमाच्या खांद्यावर ठेवली जाते; ते कारभाऱ्याचे पद होते, एकाकडून दुसऱ्याकडे जाणारे. म्हणून पेत्राला किल्ल्या दिल्या त्या व्यक्तीला नव्हे तर पदाला, असे ते मांडतात, आणि १८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने याच दिशेने पोपमहोदयांच्या अधिकाराची व्याख्या केली. प्रोटेस्टंट उत्तर असे, की त्याच ओवीतला बांधण्या-सोडण्याचा, म्हणजे मनाई वा मुभा ठरवण्याचा, अधिकार मत्तय १८:१८ मध्ये अनेकवचनी, सर्व शिष्यांना दिला आहे, आणि पाया एकदाच घातला जातो, पिढीगणिक नवा नव्हे. मला हे दुसरे उत्तर अधिक पटते. परंतु पहिले उत्तर बालिश नाही, आणि पुतण्याने त्याच्याशी झुंजायचे तर ग्रीक लिंगविचारापेक्षा यशया वाचावा.

१९७० बद्दल थोडक्यात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र आल्या, त्यांत अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया होते. अमेरिकन मराठी मिशनच्या आपल्या मंडळ्या १९२४ पासून या शेवटच्या संघात होत्या. म्हणजे नागपुरात जे झाले ते भिंती पाडून घर एक करणे होते, पाया घालणे नव्हे. १८७० च्या ठरावाने नवी ख्रिस्तसभा जन्मली असे काका म्हणणार नाहीत, तर मग १९७० च्या ठरावाला तो न्याय का?

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. रोमच्या मते प्रेषितांपासून अखंड चालत आलेले बिशपपद जिथे नाही ती संस्था पूर्ण अर्थाने 'चर्च' नव्हे, आणि अँग्लिकन पाळकांच्या दीक्षा रोमने १८९६ मध्ये अमान्य ठरवल्या आहेत. काकांच्या थट्टेमागे हा विचार आहे. पण त्यांच्याच धर्मनियमांत आपल्या मुलीचे स्थान पाहा. कॅथलिक व्यक्तीचा विवाह बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी व्हायचा असेल तर अडथळ्यातून सूट घ्यावी लागते. बाप्तिस्मा झालेल्या पण कॅथलिक नसलेल्या ख्रिस्ती व्यक्तीशी व्हायचा असेल तर परवानगी पुरते. हे दोन वेगळे कागद आहेत. पाण्याने, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा त्यांची ख्रिस्तसभा खरा मानते आणि पुन्हा देत नाही. तेव्हा फादरांकडे जाताना मुलीच्या बाप्तिस्म्याचा दाखला मंडळीच्या नोंदवहीतून आधीच काढून ठेवा; तारखा जुन्या असल्या की पाळकसाहेबांना शोधायला वेळ लागतो.

प्रश्न : पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणाला, मंडळीचा 'वाढदिवस' साजरा करतात. मंडळीची स्थापना खरोखर त्याच दिवशी झाली का? — एक वाचिका, सोलापूर

उत्तर : प्रेषितांची कृत्ये, अध्याय २ प्रमाणे त्या दिवशी सुमारे तीन हजार माणसांची भर पडली, 'भर' पडायची तर आधी काही असले पाहिजे. म्हणून कोणी बारा शिष्यांच्या निवडीपासून आरंभ मोजतो, तर कोणी वधस्तंभावर येशूच्या कुशीतून रक्त व पाणी निघाले त्या घटकेपासून. स्तेफन आपल्या भाषणात रानातील इस्राएल लोकांच्या समुदायालाही 'मंडळी'साठीचाच ग्रीक शब्द वापरतो, त्यामुळे मोशेच्या काळापर्यंत मागे जाणारेही आहेत. चारही शुभवर्तमानांत 'मंडळी' हा शब्द मत्तयाच्या दोनच ओव्यांत येतो, १६:१८ आणि १८:१७, हे ध्यानात घेऊन काही आधुनिक अभ्यासकांनी येशूला अशी संस्था अभिप्रेत होती का, अशीच शंका घेतली. मला ती शंका टोकाची वाटते. बारा जणांची निवड ही इस्राएलाच्या बारा वंशांची आठवण आहे आणि तीत समुदाय उभारण्याचा हेतू उघड दिसतो. वाढदिवस जरूर साजरा करा, केक कापायलाही हरकत नाही. फक्त मुलांना कृत्यांचा पहिला अध्यायही वाचून दाखवा, त्यात सुमारे एकशेवीस जण आधीपासून जमलेले आहेत.