‘पोइओतेस’साठी मराठीत ‘गुण’ म्हणावे की ‘धर्म’?

प्लोटिनस आणि त्याच्या नंतरच्या ग्रीक तत्त्वज्ञांविषयी मराठीत लिहिताना ‘पोइओतेस’ या संज्ञेसाठी ‘गुण’, ‘धर्म’ आणि ‘गुणधर्म’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा, अशी विचारणा झाली आहे. माझे मत ‘गुण’ या शब्दाच्या बाजूने आहे. मात्र एका ठिकाणी तो अपुरा पडतो, आणि नेमके तेच ठिकाण या तत्त्वज्ञांच्या वादाचे मूळ आहे.

आधी शब्दाची घडण पाहू. ग्रीक ‘पोइओस’ म्हणजे ‘कसा, कशा प्रकारचा’. त्याला भाववाचक प्रत्यय लागून ‘पोइओतेस’ झाला, म्हणजे अक्षरशः ‘कसेपणा’. मराठीत हा शब्द कानाला खटकतो, पण ग्रीकमध्येही तो प्रथम खटकलाच असावा, कारण प्लेटोच्या ‘थिएटेटस’ या संवादात सॉक्रेटिस तो वापरताना हा शब्द विचित्र वाटेल असे स्वतःच म्हणतो. पुढे इ.स.पू. ४५ मध्ये सिसेरोने लॅटिन ‘क्वालिस’पासून याच धर्तीवर ‘क्वालितास’ घडवला.

‘गुण’ या शब्दामागे ‘कसे?’ हा प्रश्न उभा नाही. शिवाय वैशेषिक या भारतीय दर्शनाच्या २४ गुणांत संख्या आणि परिमाणही येतात, तर अ‍ॅरिस्टॉटल त्यांना ‘किती’ या वेगळ्या पदार्थात, म्हणजे वर्गात, घालतो. उलट आकार मात्र तो ‘कसे’मध्ये धरतो. सांख्यांचे सत्त्व, रज आणि तम तर आणखीनच निराळे. तरीही वाचकाला द्रव्य आणि गुण ही जोडी परिचित असल्याने हा शब्द टाकून देण्याचे कारण मला दिसत नाही.

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण येथे चांगली उपयोगी पडते. म्हणीत वाण, म्हणजे रंग, आणि गुण हे परस्परविरोधी आहेत. अ‍ॅरिस्टॉटलच्या हिशेबी मात्र दोन्ही ‘पोइओतेस’च होत. पवळ्याला लागलेली खोड नवी आणि सहज सुटणारी असेल, तर तो तिला ‘दिआथेसिस’ म्हणेल. हाडीमासी खिळली, तर ‘हेक्सिस’. मराठीत ‘गुण लागतो’, ‘गुण येतो’, ‘गुण उधळतो’. या सर्व प्रयोगांत गुण ही वस्तूवर बाहेरून येणारी किंवा तिच्यातून बाहेर पडणारी बाब आहे.

अडचण उद्भवते ती येथेच. इ.स. तिसऱ्या शतकात रोममध्ये शिकवणाऱ्या प्लोटिनसने विचारले, की वस्तूचे ‘असणे’ ज्याने पुरे होते त्याला गुण म्हणायचे तरी कसे? त्याचा दाखला सफेद्याचा, म्हणजे शिशापासून बनणाऱ्या पांढऱ्या रंगद्रव्याचा, आहे. माणसाचा गोरेपणा हा आगंतुक, म्हणजे त्याच्या असण्याला आवश्यक नसलेला, असतो, हंस पांढरा नसला तरी चालेल, पण सफेद्यातील पांढरेपणा त्याच्या असण्याचाच घटक आहे, जशी अग्नीची उष्णता. (आपल्या ‘सफेदा’ या शब्दातच ‘सफेद’ बसलेला आहे, त्यामुळे हा दाखला मराठीत मूळ ग्रीकपेक्षाही ठसठशीत वाटतो.) त्याचा शिष्य पॉर्फिरी ‘इसागोगे’ या प्रवेशग्रंथात कावळ्याचे उदाहरण देतो: काळेपणा कावळ्यापासून प्रत्यक्षात सुटत नाही, परंतु पांढऱ्या कावळ्याची कल्पना करता येते, म्हणून तो अविभाज्य असूनही आगंतुकच. प्लोटिनस तर आणखी पुढे जाऊन इंद्रियगोचर द्रव्य म्हणजे गुण आणि जडतत्त्व यांची एक जुडी आहे, असे म्हणतो. तेथे ‘गुण कोणाचा?’ हा प्रश्नच डळमळू लागतो.

या घटक स्वरूपाच्या गुणांसाठी मराठीत ‘धर्म’ शोभतो. ‘जाळणे हा अग्नीचा धर्म’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो गेला तर अग्नीच उरणार नाही हे त्यात गृहीत असते, आणि ‘औषधाचा गुण आला’ या वाक्यात तसे काही अभिप्रेत नसते. म्हणून सामान्य संज्ञेला ‘गुण’, प्रथम उल्लेखात कंसात ‘कसेपणा’, आणि सफेद्यासारख्या प्रसंगी ‘स्वरूपघटक धर्म’, अशी विभागणी मी सुचवेन. ‘गुणधर्म’ मात्र टाळावा. रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात तो सोयीचा असला, तरी प्लोटिनसने मोठ्या कष्टाने वेगळ्या केलेल्या दोन गोष्टी तो एकाच समासात पुन्हा बांधून टाकतो.