क्विल्टिंग म्हणजे ठिगळकाम नव्हे

प्रश्न: हिवाळ्यासाठी हिमकणांच्या नक्षीची रजई शिवते आहे. कृतीत सारखं ‘क्विल्टिंग’ येतं. त्याला मराठीत ‘ठिगळकाम’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. हे ‘ठिगळकाम’ मी इतक्या वेळा ऐकलंय की आता एकदा नीट लिहूनच टाकतो. ठिगळ लागतं फाटक्याला. तुम्ही चौकोन कापून कडेला कड लावून शिवता तेव्हा फाटलेलं काहीच नसतं, ती जोडणी. पांढरा हिमकण कापून निळ्या कापडावर बसवलात, तर त्याला एक वेळ ठिगळ म्हणेन. क्विल्टिंग या दोन्हींच्या नंतरचं. वरचं कापड, मधलं भरण आणि खालचं अस्तर, या तिन्हींतून आरपार टाका घालायचा, ते क्विल्टिंग. एकही तुकडा न जोडता अख्ख्या पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच दोऱ्याने ते करता येतं. टाक्यांची ओळ दबते, मधला भाग फुगतो आणि नुसत्या सावल्यांतून नक्षी दिसते. हिवाळी कामाला याहून देखणं काही नाही.

गोधडीत कापडावर कापड, दुलई-रजईत कापूस, एवढं सांगून पुढे जातो.

‘क्विल्ट’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, मूळ लॅटिन ‘कुल्किता’. कुल्किता म्हणजे गादी. म्हणजे नुसत्या ‘क्विल्ट’मध्ये टाका कुठेच नाही! टाके घातलेली ती ‘कुल्किता पुंक्ता’, टोचलेली गादी. फ्रेंचमध्ये या जोडशब्दाचा पहिला भाग झिजला, लोक त्याचा अर्थ विसरले आणि तिथे ‘विरुद्ध’ या अर्थाचा ओळखीचा शब्द येऊन बसला. इंग्रजीत त्याचं ‘काउंटरपॉइंट’ झालं. पुढे ‘पेन’ या कापडवाचक शब्दाने दुसरा भागही गिळला आणि उरलं ‘काउंटरपेन’, म्हणजे पलंगपोस. गादीही गेली, टोचणंही गेलं. (संगीतातला काउंटरपॉइंट वेगळा, त्याला गादीशी जोडू नका.) आणि हा ‘पुंक्ता’ ज्या धातूपासून आला, त्याच धातूपासून आपलं सायकलचं पंक्चर आलं.

हाताने हे काम केलेल्याला ही व्युत्पत्ती पटवून द्यावी लागत नाही. एक हात वर, एक रजईखाली. सुई तिन्ही थर ओलांडून खालच्या बोटाला जेमतेम टोचली की कळतं, टाका पलीकडे पोचला. तिथूनच सुई वर वळवायची. टाका म्हणजे आधी टोचणं.

म्हणून क्विल्टिंगला मराठी शब्द हवा तर मी ‘टाचणे’च्या बाजूचा. टाचणे आणि टोचणे ही सख्खी भावंडं आहेत असं माझं ठाम मत आहे. टाचणीही त्याच घरातली, आणि कागद टाचून ठेवायचे म्हणून टाचणही. ‘टाचणं म्हणजे कच्चं काम’ हा आक्षेप मला ठाऊक आहे. कच्च्या कामाला ‘कच्चे टाके’ हा स्वतंत्र शब्द असताना टाचण्याला का खाली ढकलायचं? ‘रजई टाचली’ म्हणून बघा, कानाला कुठेही खटकत नाही. टाका कोणता विचाराल तर धावदोरा.

तुम्ही ‘रजई’ म्हणालात, तर तेही. यूल आणि बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात (१८८६) सुचवलं की रझा नावाच्या कोणा माणसाने ती काढली असावी, म्हणून रझाई. ही पळवाट आहे. मूळ सापडेना की एक माणूस उभा करायचा! हा रझा कुठला, कधीचा, काही नाही. त्यांच्या दोन वर्षं आधी उर्दू-हिंदीचा कोशकार प्लॅट्स याने फारसीतल्या रंगवण्याच्या क्रियापदाकडे बोट दाखवलं होतं. मी प्लॅट्सबरोबर. रजईचं वरचं कापड रंगीत, छापील असतं, हे बघायला कोश लागत नाही.

आणि हिमकणाला सहाच फाटे ठेवा, दोन फाट्यांत ६० अंश. कागदाची घडी अर्धी, पुन्हा अर्धी, पुन्हा अर्धी अशी घालून कापलेला आठ फाट्यांचा आकार चांदणी असेल, हिमकण नाही. अर्धी घडी घाला, मग तिच्या तीन सारख्या घड्या करा, ती पुन्हा अर्धी दुमडा आणि मगच कात्री लावा.