कॅरीबॅग गेली, तिच्या जागी काय आलं?

प्रश्न: ताई नमस्कार. आमच्या सोसायटीत कॅरीबॅग बंद करायची मोहीम चाललीय आणि नेमकं आताच भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की सुती पिशवी ७१०० वेळा वापरली तरच ती प्लॅस्टिकपेक्षा बरी. रोज बाजार केला तरी १९ वर्षं! मग बंदी चुकीचीच म्हणायची का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: काका, आकडा खराय, डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अभ्यासातला आहे. पण तो कसा आला ते मेसेजमध्ये कोणी लिहीत नाही. त्यांनी बऱ्याच प्रकारचं नुकसान मोजलं आणि त्यातलं जे सगळ्यात वाईट निघालं, म्हणजे ओझोनच्या थराचं, त्यावरून ७१०० आलं. फक्त हवामान बदलाचा हिशोब धरला तर तीच पिशवी ५२ वेळा, म्हणजे आठवड्याला एकदा भाजी आणली तरी वर्षभरात फिटते.

दुसरं, रस्त्यावर फेकलेली पिशवी त्या हिशोबात धरलेलीच नाही, कारण तिकडे कचरा गोळा होऊन भट्टीत जातो आणि त्यातून वीज न् उष्णता मिळते. आपल्याकडे ती नाल्यात जाते, गाईच्या पोटात जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, एवढ्या पावसापुढे कुठलंच गटार पुरलं नसतं हे मान्य, पण नाले पिशव्यांनी तुंबलेले होते हे मुंबईने डोळ्यांनी पाहिलं आणि त्यानंतरच राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पिशव्या बंद केल्या. त्यामुळे मी बंदीच्या बाजूने आहे, ठामपणे.

पण बंदीची किंमत असते, तीही सांगायला हवी. कॅलिफोर्नियातल्या शहरांनी पिशव्या बंद केल्यावर काय झालं याचा २०१९ चा एक अभ्यास आहे: ४ कोटी पौंड वजनाच्या कॅरीबॅग कमी झाल्या, पण लोक त्याच पिशव्या डस्टबिनला लावायचे, त्या मिळेनात म्हणून कचऱ्याच्या पिशव्यांची विक्री वजनात १ कोटी २० लाख पौंडांनी वाढली. शिवाय दुकानांनी 'पुन्हा वापरा' म्हणून जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या द्यायला सुरुवात केली आणि लोकांनी त्याही एकदाच वापरून टाकल्या, शेवटी २०२४ मध्ये त्यांना जाड पिशव्याही बंद करायचा कायदा करावा लागला. आपल्या देशात डिसेंबर २०२२ अखेरपासून पिशवी किमान १२० मायक्रॉन जाड हवी अशी अट आहे. जाड पिशवी कचरावेचक उचलतात, भंगारात तिचे पैसे मिळतात, पातळ पिशवी किलोभर व्हायला ढीगभर लागते म्हणून कोणी हात लावत नाही, हा फायदा खरा. पण एकदा वापरून फेकली तर आधीपेक्षा कितीतरी जास्त प्लॅस्टिक फेकलं जातं.

आणि साडीच्या दुकानात, लग्नात मिळते ती 'कापडासारखी' नॉन-वोव्हन पिशवी? ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकच! मला सगळ्यात जास्त राग हिचा येतो, कारण लोक ती चांगल्या मनाने घेतात, आणि उन्हात तिचा भुगा झाला की तो वेचताही येत नाही.

तुमच्या मोहिमेत नव्या कोऱ्या सुती पिशव्या छापून घरोघर वाटू नका, प्रत्येक घरात आधीच दहा पडलेल्या असतात. जुन्या चादरी, पँटी, साड्या गोळा करा आणि जवळच्या बचत गटाकडून शिवून घ्या. त्या कापडाचा कापूस, पाणी, फवारणी सगळं आधीच खर्ची पडलंय, नवीन काही लागत नाही. चारपाच पिशव्या वॉचमनच्या केबिनमध्ये टांगून ठेवा, विसरणाऱ्यांसाठी.

प्रश्न: मग ओला कचरा कशात टाकायचा? कंपोस्टेबल पिशवी चालेल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमचा ओला कचरा खरंच खत प्रकल्पात जात असेल आणि पिशवीवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा नंबर असेल तर चालेल. ती कुजायला तापलेला ढीग लागतो, नाल्यात पडली तर साध्या पिशवीसारखीच अडकून बसते. त्यापेक्षा डब्यात तळाला वर्तमानपत्र घाला, भाताचं-आमटीचं पाणी आधी निथळून घ्या आणि डबा रोज धुवा.