आधी वेळापत्रक, मग घर

अनेक आशीर्वाद.

आय-२०, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाने द्यायचं प्रवेशाचं प्रमाणपत्र, हातात आलं हे फार छान झालं. आता अमेरिकेला निघेपर्यंत दोन कामं डोक्यात घोळत राहतील: पहिल्या सेमिस्टरचे कोर्स आणि राहायची जागा. व्हॉट्सॲप ग्रुपवर रूममेट शोधायची धांदल आधी सुरू होते, म्हणून बहुतेक मुलं घरापासून सुरुवात करतात. तू तसं करू नकोस. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या इमारतीत वर्ग आहे हे कळल्याशिवाय ‘कॅम्पसपासून ३ मैल’ या शब्दांवरून काहीच समजत नाही. मास्टर्सचे बरेच वर्ग संध्याकाळी असतात. वर्ग नऊला सुटला आणि त्या बाजूची शेवटची बस साडेआठलाच गेली, तर आठवड्यातून दोनदा कॅबचे पैसे जातात आणि कमी भाड्याचा फायदा तिथेच संपतो.

आधी कोर्स. एमएसला बहुतेक ठिकाणी ३० ते ३६ क्रेडिट (कोर्सचा भार मोजायचं एकक) लागतात, आणि एक कोर्स साधारण ३ क्रेडिटचा असतो. एका कागदावर सगळ्या सेमिस्टरचे रकाने आख आणि सक्तीचे कोर्स त्यात आधी बसव. प्रत्येकापुढे तो फॉलमध्ये (ऑगस्टच्या सुमाराला सुरू होणारं सत्र) शिकवतात की स्प्रिंगमध्ये (जानेवारीच्या सुमाराचं) हे लिही. काही कोर्स वर्षातून एकदाच असतात, आणि पुढचे दोन कोर्स त्याच्याशिवाय घेता येत नाहीत. ती साखळी पहिल्या फॉलमध्ये चुकली, तर पदवी एका सेमिस्टरने लांबते. म्हणजे फी आणि भाडं दोन्ही वाढतं. ऐच्छिक विषयांचा विचार त्यानंतर कर.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ शिकणं बंधनकारक आहे. मास्टर्सला पूर्णवेळ म्हणजे किती हे विद्यापीठ ठरवतं. बऱ्याच ठिकाणी ते ९ क्रेडिट असतं. त्यात ऑनलाइन कोर्स एका सेमिस्टरला एकच, किंवा ३ क्रेडिटपुरताच, धरला जातो. त्यामुळे ‘दोन ऑनलाइन घेते, म्हणजे लांब राहता येईल’ हा हिशोब चालत नाही.

पहिल्या सेमिस्टरला ९ पेक्षा जास्त क्रेडिट घेऊ नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथल्या क्रेडिटच्या व्याख्येतच वर्गातल्या एका तासामागे बाहेर किमान दोन तासांचा अभ्यास धरलेला आहे. म्हणजे तीन कोर्सचे आठवड्याला २७ तास झाले, आणि प्रोजेक्टच्या आठवड्यांत तेवढ्यावर भागत नाही. त्यात स्वयंपाक, बँक, कपडे धुणं हे सगळं नव्यानेच अंगावर पडलेलं असतं. एक जड सक्तीचा कोर्स, एक भरपूर कोडिंग किंवा लॅब असलेला, आणि एक असा, ज्याचा पाया तुझा आधीच पक्का आहे: अशी सांगड घाल. दोन प्रोजेक्टवाले कोर्स एकत्र आले की दोन्हींच्या अंतिम तारखा नोव्हेंबरच्या शेवटी एकमेकींवर आदळतात.

नावावरून कोर्स निवडू नकोस. मागच्या वर्षीचा सिलॅबस शोध, नाही मिळाला तर प्राध्यापकांना दोन ओळींचा मेल करून माग. त्यातला पहिला असाइनमेंट सोडवून बघ. तो अजिबात सुटला नाही, तर तो कोर्स दुसऱ्या सेमिस्टरला ने. ॲड-ड्रॉपची, म्हणजे कोर्स बदलायची किंवा सोडायची, मुदत कॅलेंडरवर लाल खूण करून ठेव; ती उलटल्यावर कोर्स सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) ‘डब्ल्यू’, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याचा शेरा, येतो आणि फीचा काही भाग किंवा सगळीच फी बुडते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की डीएसओची (विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचं व्हिसाचं काम पाहणारा अधिकारी) आधी परवानगी न घेता पूर्णवेळाच्या खाली गेलीस तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो. अभ्यास झेपत नसेल तर आधी डीएसओ, मग ड्रॉपचं बटण.

रजिस्ट्रेशन उघडण्यापूर्वी पोर्टलवर ‘होल्ड’, म्हणजे काहीतरी अपुरं असल्यामुळे रजिस्ट्रेशनला लावलेली अडवणूक, आहे का ते पाहा. नव्या मुलांचं गाडं बहुतेक वेळा लसीकरणाच्या होल्डवर अडतं. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीच्या दोन डोसांचा दाखला तारखांसकट डॉक्टरांकडून इंग्रजीत भरून घे. होल्ड निघेपर्यंत हव्या त्या वर्गाच्या जागा भरलेल्या असतात.

आता घर. वेळापत्रक पक्कं झालं की नकाशावर घर ते वर्गाची इमारत हे अंतर बसने टाकून बघ: एकदा सकाळी आठचं, एकदा रात्री साडेनऊचं, एकदा रविवारचं.

भाड्याच्या आकड्यावर जाऊ नकोस, वर्षाचा खर्च काढ. समज, एक खोली ७०० डॉलरची, पण हीटिंग, वीज, इंटरनेट वेगळं. दुसरी ८२० ची, सगळं धरून. थंड प्रदेशात जानेवारी महिन्यात पहिली खोली महाग पडू शकते. घरमालकाला किंवा आधीच्या भाडेकरूला हिवाळ्यातलं एक बिल दाखवायला सांग. शिवाय लीज (भाडेकरार) बहुधा १२ महिन्यांची असते. उन्हाळ्यात इंटर्नशिपसाठी दुसऱ्या शहरी गेलीस तरी भाडं चालू राहतं, म्हणून सबलेटला, म्हणजे आपली खोली दुसऱ्याला भाड्याने द्यायला, परवानगी आहे का हे लीजमध्ये आधीच वाच. कॅम्पसवरच्या नोकरीचे पैसे या हिशोबात धरू नकोस. ती मिळेलच असं नाही, आणि मिळाली तरी सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांचीच मर्यादा आहे.

तुझ्याकडे एसएसएन (अमेरिकेतला सोशल सिक्युरिटी नंबर) नसेल, क्रेडिट स्कोअरही (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण) नसेल. अनेक मॅनेजमेंट कंपन्या भाड्याच्या तिप्पट उत्पन्न किंवा अमेरिकेतला को-सायनर (भाड्याची हमी घेऊन सही करणारा) मागतात. आय-२०, बँकेचं पत्र, फंडिंगचं पत्र एका पीडीएफमध्ये तयार ठेव आणि हे चालेल का ते अर्जाची फी भरण्याआधी विचार, कारण ती फी सहसा परत मिळत नाही. डिपॉझिटचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ते एका महिन्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. तू राहणार आहेस त्या राज्याचा नियम शोधून ठेव.

लीजमध्ये ‘जॉइंट अँड सेव्हरल’ हे शब्द शोध. ते असतील तर एक रूममेट पळाला की त्याचा हिस्साही उरलेल्यांकडून वसूल होतो. शक्य असेल तिथे खोलीनुसार वेगळी लीज घे. नसेल तर ज्यांच्याबरोबर सही करणार आहेस त्यांच्या फंडिंगची चौकशी मोकळेपणाने कर. त्यात संकोच नको.

फसवणूक ठरावीक पद्धतीने होते: भाडं आजूबाजूपेक्षा बरंच कमी, मालक ‘परदेशात’, किल्ली कुरिअरने, पैसे आजच झेलने (बँकेतून लगेच पैसे पाठवायची तिथली सोय). झेलने गेलेला पैसा परत मिळवणं फार कठीण असतं. व्हिडिओ कॉलवर कुणालातरी इमारतीच्या पाटीपासून खोलीपर्यंत चालत न्यायला सांग, नळ आणि हीटर चालू करून दाखवायला सांग. शंका राहिली तर पैसे पाठवू नकोस. प्रोग्रॅम सुरू होण्याच्या जास्तीत जास्त ३० दिवस आधी अमेरिकेत प्रवेश मिळतो. पहिले दहा दिवस भारतीय विद्यार्थी संघटनेच्या ओळखीने कुणाकडे राहून, घर डोळ्यांनी पाहून सही करणं परवडतं. कॉलेजगावांत जुन्या आणि नव्या लीजमध्ये ऑगस्टात काही दिवसांची फट असते, त्यासाठीही ही सोय लागतेच.

किल्ली मिळाली की सामान उघडण्याआधी भिंती, कार्पेट, ओव्हन, खिडक्यांचे फोटो काढून त्याच दिवशी घरमालकाला मेल कर. डिपॉझिट कापण्याचा वाद निघाला तर तो मेलच कामी येतो. नवा पत्ता १० दिवसांच्या आत विद्यापीठाच्या पोर्टलवर नोंदव, तो व्हिसाचा नियमच आहे.

सेमिस्टरच्या रकान्यांचा कागद आणि लीजची पीडीएफ सही करण्याआधी मला पाठव. वाचून दुसऱ्या दिवशी उत्तर मिळेल.