कपबशी आणि छत्री

पिल्लू,

काल शाळेबरोबर कॅनडातल्या या आपल्या इकालुइटची विधानसभा बघून आलीस. नारव्हाल देवमाशाच्या दाताचा राजदंड कसा होता ते सांगून झालं आणि मग विचारलंस, "बाबा, इथे सगळे गोल बसतात, पक्षबिक्ष काही नाही. मग तुमच्या गावात निवडणुकीवरून आजोबा आणि अप्पा अकरा वर्षं का बोलत नव्हते?" मी भात आणायच्या निमित्ताने उठलो. तेव्हा सुचलं नाही, म्हणून लिहितोय. वाचलंच पाहिजे असं नाही.

तुझं खरं आहे. 1999 मध्ये आपला हा नुनावुत प्रदेश वेगळा झाला तेव्हापासून इथे पक्ष नाहीतच. आता 22 आमदार आहेत, सगळे आपापल्या नावावर निवडून आलेले. मग एकत्र बसून आपल्यातूनच प्रीमियर, म्हणजे आमच्याकडचा मुख्यमंत्री, आणि मंत्री निवडतात, तेही गुप्त मतदानाने. मंत्री कमी, बाकीचे जास्त. त्यांनी ठरवलं तर मंत्र्यांचं काही चालत नाही.

पण गोल बसणं आम्हालाही माहीत होतं गं. निवडणूक आली की मारुतीच्या पारावर वडीलधारी मंडळी जमायची, तंबाखूची चंची फिरायची, "गावात भांडणं नकोत, बिनविरोध करून टाकू" असं ठरायचं. मला त्याचा केवढा अभिमान! 1995 ला सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि पारावर आजीचं नाव निघालं. सांगायला मीच पळत घरी गेलो. आजी चुलीपुढे भाकरी थापत होती. "मला कुणी विचारलं?" एवढंच म्हणाली आणि भाकरी उलटली. पुढची पाच वर्षं सह्या तिच्या, कारभार आजोबांचा. पारावर एकही बाई बसलेली मी पाहिली नाही, आणि तेव्हा ते खटकलंही नाही.

(1997 मध्ये इथेही कौल घेतला होता, प्रत्येक मतदारसंघातून एक बाई आणि एक पुरुष असावा का म्हणून. लोक नाही म्हणाले. 2008 ला ईव्हा आरिआक प्रीमियर झाल्या ते नंतरचं. हे मी स्वतःच्या समाधानासाठी सांगतोय, असं तुझी आई म्हणेल.)

2000 साली अप्पा म्हणाले, पुरे झालं बिनविरोध, आणि सख्ख्या भावाविरुद्ध पॅनल उभं केलं. आजोबांची निशाणी कपबशी, अप्पांची छत्री. अप्पा पडले. त्यानंतर लग्नकार्यात अप्पा चहा स्टीलच्या पेल्यातून मागायचे, आणि आजोबा भर पावसात छत्री न घेता शेतावर जायचे. हसू नकोस. घरात तेव्हा कुणी हसत नव्हतं.

आता वाटतं, अप्पांचं फारसं चुकलं नव्हतं. गोल बसून इथेही सगळं गोड होत नाही. 2017 मध्ये प्रीमियर म्हणून निवडलेल्या पॉल क्वासांना त्याच सभागृहाने सात महिन्यांत उतरवलं. पण उतरवायलाही इथे मत मोजावं लागलं. आमच्या पारावर जो गप्प, तो कबूल.

रविवारी रात्री नऊला आजीला फोन लावणार आहे, तिकडे सकाळचे साडेसात असतील. तुला वाटलं तर विचार, तिला सरपंच व्हायचं होतं का. मी अजून विचारलेलं नाही.

बाबा